नदीकाठची पाणचक्की: बूशेच्या रोकोको निसर्गचित्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रांस्वा बूशे या फ्रेंच चित्रकाराची नदीकाठची चित्रे एकदा पाहिली की लक्षात राहतात. जुनी पाणचक्की, लाकडी साकव, धुणे धुणाऱ्या बायका आणि पिसांसारखी झाडे त्यांत असतातच. त्यांच्याविषयी वाचक, चित्रकलेचे विद्यार्थी आणि घरात जुने चित्र सापडलेली मंडळी पुन्हापुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. सुरुवात सोप्या प्रश्नांनी आहे, अडचणीचे प्रश्न शेवटी आहेत.

१. रोकोको निसर्गचित्र म्हणजे नेमके काय? बरोकपेक्षा ते वेगळे कसे ओळखायचे?

साधारण 1715 ते 1770 या काळात पॅरिसमध्ये बहरलेली ही शैली. चौदावा लुई 1715 मध्ये वारला, त्यानंतर सरदार-सावकारांचे लक्ष व्हर्सायच्या भव्य दालनांकडून शहरातल्या लहान, उबदार दिवाणखान्यांकडे वळले. भिंतींना फिकट रंगाची लाकडी तावदाने, त्यांवर सोनेरी वेलबुट्टी, मध्ये आरसे, आणि उरलेल्या जागेत चित्रे. चित्रही अर्थातच त्या खोलीला शोभणारे हवे होते.

बरोक म्हणजे रोकोकोच्या आधीची शैली. बरोक निसर्गचित्रात काळोख आणि उजेड यांची टक्कर असते, आभाळ गरजते, माणूस लहान होतो. रोकोकोत उजेड सगळीकडे मऊ पसरलेला असतो. सरळ रेषा जवळजवळ सापडत नाही. फांदी, नदी, वाट, छपराची कड, सगळे वळत जाते. रंग फिकट निळे, गुलाबी, राखाडी-हिरवे. माणसे निवांत असतात, कामात असली तरी.

२. बूशे कोण? तो तर देवी-अप्सरा रंगवणारा ना?

हो, त्याची ख्याती त्यासाठीच आहे. जन्म पॅरिस, 1703, मृत्यू 1770. तरुणपणी त्याने वातो या आधीच्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून ताम्रपटावर छापचित्रे कोरली, पुढे काही वर्षे इटलीत काढली, 1734 मध्ये राजेशाही कला अकादमीचा पूर्ण सदस्य झाला. पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पाँपादूर ही त्याची सर्वांत मोठी आश्रयदाती. 1765 मध्ये तो राजाचा प्रथम चित्रकार झाला.

निसर्गचित्रांच्या दृष्टीने त्याच्या आणखी दोन नोकऱ्या महत्त्वाच्या आहेत. बोव्हे आणि पुढे गोब्लँ इथल्या भिंतीवरच्या विणलेल्या पडद्यांसाठी तो नमुने करत असे, आणि पॅरिसच्या ऑपेरासाठी रंगमंचाची दृश्ये. नदीकाठच्या चित्रांत या दोन्ही कामांची सवय उतरली आहे. ती कशी, ते प्रश्न ५ आणि ६ मध्ये आहे.

३. चित्रातली पाणचक्की कुठली? आज ती जागा जाऊन बघता येते का?

काही चित्रांना ठिकाणाचे नाव आहे. पॅरिसच्या आग्नेयेला, मार्न नदी सीनला मिळते तिथे शारांतों हे गाव आहे. तिथल्या ‘किकांग्रोन्य’ नावाच्या पाणचक्कीवरून बूशेने चित्रे केली. ऑर्लेआंच्या कलासंग्रहालयात त्यांपैकी एक आहे. अमेरिकेत टोलेडोच्या संग्रहालयातल्या चित्राच्या नावातही शारांतोंच आहे. बोव्हेच्या परिसराचे नाव असलेले एक लहान चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे.

पण चित्र हातात घेऊन जागा शोधत गेलात तर फसाल. शारांतोंची चक्की खरी होती, तिच्याभोवतीचे बरेचसे बूशेने जुळवलेले आहे. एका चित्रातला गोल बुरुज दुसऱ्यात कबुतरखाना होतो, साकव इकडचा तिकडे जातो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत 1755 सालचे, सुमारे 57 × 73 सेंमी आकाराचे पाणचक्कीचे चित्र आहे. तेही एखाद्या जागेची नोंद म्हणून पाहू नका, रचना म्हणून पाहा.

४. सगळे जुळवलेले, म्हणजे खोटेच असेल, तर ही चित्रे चांगली कशी?

हा आक्षेप त्याच्या हयातीतलाच आहे. फ्रेंच विचारवंत आणि समीक्षक दीद्रोने 1761 च्या सालोंवर, म्हणजे पॅरिसमधल्या अकादमीच्या प्रदर्शनावर, लिहिताना बूशेचे रंग, विविधता, कल्पनांची श्रीमंती यांची तोंडभर स्तुती केली आणि मग म्हटले, या माणसापाशी सगळे आहे, सत्य सोडून. पुढच्या वर्षांत दीद्रो आणखी कडवट झाला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तर ही सगळी शैलीच राजेशाहीच्या चैनीची खूण म्हणून नावडती ठरली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर गोंकूर बंधूंसारख्या रसिकांनी आणि संग्राहकांनी तिला पुन्हा वर आणले. 1869 मध्ये लुई ला काझचा प्रचंड संग्रह लूव्रला मिळाला, त्यानंतर अठराव्या शतकाची फ्रेंच चित्रकला तिथे भरभरून दिसू लागली.

आमचे मत असे: दीद्रोचे निरीक्षण बरोबर, निकाल चुकीचा. नदीकाठ कसा दिसतो हे सांगणे बूशेचे काम नव्हते. हाताच्या अंतरावरून रोज पाहिला जाणारा पृष्ठभाग कुठेही कंटाळवाणा होऊ न देणे, हे त्याचे काम. पडकी भिंत, ओले लाकूड, पालापाचोळा, फडके, पाणी, कबुतराची पिसे: प्रत्येकासाठी कुंचल्याचा फटकारा वेगळा आहे. या कसोटीवर त्याच्या जवळपास जाणारे त्या काळात थोडेच.

५. चित्र बघायला सुरुवात कुठून करू? मला सगळेच गोडगोड दिसते.

गोडवा बाजूला ठेवा आणि पडदे मोजा. रंगमंचावर विंगा एकामागे एक उभ्या असतात, तशी या चित्रांची मांडणी आहे, आणि ती तिथूनच आलेली आहे.

सर्वांत पुढे, खालच्या कडेला, गडद तपकिरी जमीन: दगड, मोठी पाने, कधी पडलेले लाकूड. ही पट्टी मुद्दाम काळसर ठेवलेली असते, नजर तिच्यावरून उडी मारून उजेडात जावी म्हणून. त्यामागे पाणी आणि माणसे. मग चक्की आणि तिच्या बाजूची झाडे, म्हणजे मुख्य उजेडाची जागा. शेवटी दूरची झाडी, जी जवळजवळ आभाळात विरलेली असते.

आता नजरेची वाट शोधा. बहुधा ती पुढच्या एका कोपऱ्यातून निघते, पाण्याच्या कडेने वळते, साकवावरून पलीकडे जाते आणि उलट दिशेला वळून झाडांच्या फटीतून आभाळात सुटते. वाटेत तिला थांबे दिलेले असतात: लाल घागरा, पांढरे फडके, चाकावरून पडणारे पाणी. लाल रंग चित्रभर किती ठिकाणी आहे ते बोटावर मोजा. फार तर दोन-तीन ठिकाणी सापडेल, आणि तो नेमका जिथे नजर वळायला हवी तिथेच असतो. एक तरी लाल ठिपका बोटाने झाकून पाहा. चित्राचा तो भाग लगेच मरगळतो.

मग जवळ जा. पाने एकेक रंगवलेली नसून झुबक्यांनी रंगवलेली दिसतील, आणि उजेडाच्या बाजूला रंगाचा थर जाड, सावलीत अगदी पातळ.

६. झाडे हिरवी नसून निळी का? रंग उडालेत का?

काही प्रमाणात उडालेत, काही प्रमाणात ते हवेच तसे होते. निसर्ग फार हिरवा आहे आणि त्यात उजेडाची मांडणी वाईट आहे, अशी तक्रार बूशेने चित्रकार लांक्रेपाशी केली, असे सांगितले जाते. फिकट निळसर-रुपेरी झाडी ही त्याची निवड होती, आणि सोनेरी-पांढऱ्या भिंतीवर ती शोभतही असे.

उरलेला भाग रसायनाचा. प्रशियन ब्ल्यू हा रंग अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये सापडला, 1724 मध्ये त्याची कृती छापून प्रसिद्ध झाली. स्वस्त आणि जोरकस असल्याने चित्रकारांनी तो उचलला. हिरवा करायला त्यात पिवळा मिसळत. तो पिवळा वनस्पतीपासून काढलेला असेल तर उजेडाने उडतो, निळा मागे राहतो. जुन्या विणलेल्या पडद्यांतली झाडे निळी दिसतात त्याचेही कारण हेच. तिथे पिवळे वनस्पतिजन्य रंग उडालेले असतात.

उलटेही घडते. प्रशियन ब्ल्यूमध्ये पांढरा भरपूर असेल तर कधीकधी निळाच फिका पडतो आणि आभाळ राखाडी होते. त्यावर जुने वॉर्निश पिवळे पडले की आभाळाला हिरवट झाक येते. म्हणून सफाईच्या आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला तर दोन वेगळी चित्रे वाटतात. पुस्तकातल्या छपाईवरून बूशेच्या रंगांविषयी ठाम मत करू नका.

७. तो नदीकाठी बसून रंगवायचा का?

तैलचित्र नाही. बाहेर जाऊन खडूने रेखाटने करायची, बऱ्याचदा निळ्या कागदावर काळा आणि पांढरा खडू वापरून, आणि चित्र कार्यशाळेत उभे करायचे. ट्यूबमधले तैलरंग 1841 नंतरचे; त्याआधी रंग घेऊन नदीवर बसणे अशक्य नसले तरी त्रासाचे होते. इंग्लिश चित्रकार जोशुआ रेनल्ड्स त्याला भेटला तेव्हा बूशे मोठे चित्र कुठल्याही रेखाटनाशिवाय, मॉडेलशिवाय रंगवत होता. तरुणपणी मॉडेल लागत, आता कित्येक वर्षे सोडून दिली, असे त्याने सांगितल्याचे रेनल्ड्सने नोंदवले आहे. रेनल्ड्सला ते मुळीच आवडले नाही.

जुन्या डच चित्रकारांचाही त्याने अभ्यास केला होता. अब्राहम ब्लूमार्टच्या रेखाटनांवरून त्याने छापचित्रे केली. पडकी झोपडी, मोडके कुंपण, वाकडे झाड हे सामान बरेचसे तिकडून आलेले आहे.

८. चित्रातल्या बायका खरोखरच्या धोबिणी आहेत का? इतक्या स्वच्छ कशा?

काम खरे आहे. काठावर गुडघे टेकून, कपडा फळीवर धोपाटण्याने बडवून धुणे ही फ्रान्सच्या नद्यांवरची रोजची गोष्ट होती. कपडे आणि पाय मात्र रंगमंचावरचे आहेत. त्या काळी पॅरिसमध्ये गोपाळ-गोपिकांची नाटके आणि संगीतिका जोरात होत्या, चित्रातली माणसे त्यांच्याच घरची. दारिद्र्य, थकवा, चिखल शोधायचा तर बूशेकडे जाऊ नये. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये 1768 चे धोबिणींचे चित्र आहे. ते सुमारे 2.4 मीटर उंच आहे आणि दिवाणखान्याची भिंत सजवण्यापुरतेच त्या श्रमांशी त्याचे नाते आहे.

९. एकच चित्र इंटरनेटवर दोन ठिकाणी उलटसुलट दिसते. कुठले खरे?

बहुधा एक तैलचित्र असते आणि दुसरे त्यावरून केलेले छापचित्र. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली आकृती कागदावर छापली की आरशातल्यासारखी उलटते. कोरणाऱ्याने ती आधीच उलटून कोरली तर छाप सुलट येतो, पण तेवढे कष्ट सगळेच घेत नसत. झाक-फिलीप ल बा याने 1747 मध्ये बूशेच्या शारांतोंच्या दृश्यांची छापचित्रे काढली, आणि मूळ चित्रांपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी बूशे त्यांतून पाहिला.

ओळखायला खालची कड पाहा. छापचित्रात डाव्या कोपऱ्यात मूळ चित्रकाराचे नाव, उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचे, मध्ये शीर्षक आणि बहुतेक वेळा अर्पण. चित्रात उजवा हात वापरणारी माणसे एकदम डावरी झाली असतील तर संशय घ्याच. छापचित्रांवरून नंतर तैलचित्रेही केली गेली आणि ती उलटीच राहिली. याचा उपयोग प्रश्न १७ मध्ये होईल.

१०. ‘जोडचित्र’ म्हणजे काय? आणि काही चित्रांचा आकार वेडावाकडा का असतो?

दोन चित्रे शेकोटीच्या किंवा आरशाच्या दोन बाजूंना टांगायची म्हणून एकत्र रंगवत. लूव्रमधली 1751 ची ‘पूल’ आणि ‘पाणचक्की’ ही अशीच जोडी. जोडीतल्या एकाचे झाड डावीकडे असेल तर दुसऱ्याचे बहुधा उजवीकडे, म्हणजे दोन्ही मिळून चौकट पूर्ण होते. जोडीतले एकच विकत गेले की ते एका बाजूला कलल्यासारखे वाटते. तो दोष चित्रकाराचा नाही.

वेडावाकडा आकार बहुधा दारावरच्या तावदानातला असतो. असे चित्र खालून वर पाहायचे म्हणून माणसे पुढच्या कडेला आणि क्षितिज खाली ठेवत. नंतरच्या मालकांनी कोपरे जोडून ते चौकोनी केलेलेही आढळते. जोड तिरप्या उजेडात दिसतो.

११. मूळ चित्रे कुठे बघायला मिळतील? भारतात आहेत का?

लंडनला नॅशनल गॅलरी आणि वॉलेस कलेक्शन, दोन्हीकडे प्रवेश विनामूल्य. वॉलेसमध्ये बूशे भरपूर, पण मुख्यतः पौराणिक आणि गोपजीवनाची चित्रे. पॅरिसला लूव्र, मंगळवारी बंद. न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन, बुधवारी बंद. कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्समध्ये 1740 चे पाणचक्कीचे मोठे चित्र आहे. जाण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते चित्र सध्या भिंतीवर आहे की कोठारात, हे पाहून घ्या.

भारतात बूशेचा नदीकाठ शोधण्यापेक्षा जुने युरोपीय तैलचित्र जवळून कसे दिसते याची नजर तयार करा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातली युरोपीय चित्रे आहेत. बडोद्याच्या चित्रदालनात तिसऱ्या सयाजीरावांनी जमवलेली. तडे, वॉर्निशची चमक, पातळ सावल्या आणि जाड उजेड हे पुस्तकात कळत नाही, तिथे कळते.

१२. कानालेत्तो, ग्वार्दी, गेन्सबरो हेही रोकोकोच का?

काळ तोच, पण सरसकट नाही.

कानालेत्तोचे व्हेनिस हे शहरदृश्य आहे: यथार्थदर्शन काटेकोर, इमारती ओळखू येणाऱ्या, गिऱ्हाईक मुख्यतः प्रवासाला आलेले इंग्लिश उमराव. त्याला रोकोको म्हणणे ओढूनताणून होते. ग्वार्दीचे पाणी आणि माणसांचे थरथरते ठिपके मात्र या शैलीच्या जवळ जातात. गेन्सबरोची सुरुवातीची निसर्गचित्रे रोकोकोत बसतात. लंडनमध्ये तो ग्रावलो या फ्रेंच कलावंताच्या सहवासात शिकला होता. झोझेफ व्हेर्ने धुके आणि वादळाकडे झुकतो, ह्युबर रॉबेर भग्नावशेषांकडे. बूशेचा विद्यार्थी फ्रागोनार याच्याकडे झाडे इतकी फुगतात की माणसे जवळजवळ हरवतात. तो रोकोकोच, पण त्याच्या टोकाचा.

१३. मला याची नक्कल करून शिकायचे आहे. काय सामान लागेल?

लंडनच्या चित्राचे (प्रश्न ३) प्रमाण धरायचे तर 14 × 18 इंचांचा कॅनव्हास जवळजवळ नेमका बसतो. याहून लहान घेऊ नका, माणसे रंगवता येणार नाहीत.

रंग: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, नेपल्स यलो ह्यू, रॉ अंबर, बर्न्ट सिएना, लाइट रेड, कुठलाही टिकाऊ गुलाबी-लाल, थोडा कॅडमियम रेड, प्रशियन ब्ल्यू, अल्ट्रामरीन, टेर व्हर्ट. बाजारातला तयार झगझगीत हिरवा आणायचाच नाही. जुन्या चित्रांत शिशाचा पांढरा आणि शिशाचाच नेपल्स यलो असे. दोन्ही विषारी, शिकण्यासाठी त्यांची गरज नाही.

कुंचले: डुकराच्या केसांचे 8 आणि 4 नंबरचे फिल्बर्ट (चपटे, गोल टोकाचे), मऊ गोल 2 आणि 4, आणि पानांसाठी एक जुना, केस फिसकारलेला कुंचला. टाकून देणार होतात तोच. जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन. खिडकी उघडी ठेवा.

१४. रंगवण्याचा क्रम काय?

आधी पांढऱ्या कॅनव्हासला टोन द्या: रॉ अंबर, पांढरा आणि किंचित लाइट रेड, टर्पेंटाइनने पातळ करून फडक्याने पुसून. मध्यम उबदार राखाडी-तपकिरी हवा. हा टोन सावल्यांतून शेवटपर्यंत दिसत राहतो, म्हणून त्याला वाळू द्या. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस, कोकणपट्टीच्या पावसाळ्यात आठवडाही लागतो.

खडूने फक्त मोठ्या वस्तुमानांच्या, म्हणजे एकसंध आकारांच्या, कडा काढा. मग रॉ अंबर पातळ करून पुढची गडद पट्टी आणि झाडांच्या सावल्या. या थरात तेल जवळजवळ नको.

दुसऱ्या थरात आभाळ, वरून खाली. क्षितिजाकडे जाताना निळा कमी आणि नेपल्स यलो व गुलाबी जास्त. आभाळ ओले असतानाच दूरची झाडी त्यात मिसळत घाला, म्हणजे कडा आपोआप विरतात. मिश्रण: दोन भाग टर्पेंटाइन, एक भाग तेल.

चक्की, साकव आणि पाणी त्यानंतर. पाण्यात आधी उभे फटकारे, वरच्या वस्तूंचे रंग खाली ओढून. मग कोरड्या, रुंद कुंचल्याने एकदा-दोनदा आडवे फिरवायचे. गडद वस्तूचे प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा किंचित उजळ, उजळ वस्तूचे किंचित गडद.

हे वाळल्यावर पाने. आधी मध्यम छटेचे झुबके, मग फिसकारलेल्या कुंचल्याने उजेडाच्या बाजूचे थोडे जाड ठिपके. झाडाच्या कडेला आभाळाची भोके ठेवा. माणसे आणि लाल कपडे सर्वांत शेवटी. शेवटच्या थराला तेल आणि टर्पेंटाइन समसमान. खालच्या थरापेक्षा वरच्यात तेल कमी पडले तर पुढे तडे जातात.

वॉर्निश सहा महिन्यांनी, शक्यतो कोरड्या हवेत. दमट दिवशी लावले तर त्यावर पांढुरकी झाक धरते.

१५. क्रम पाळूनही चित्र कॅलेंडरसारखे दिसते. कुठे चुकते?

बहुतेकांचे यांपैकीच काहीतरी चुकते.

प्रशियन ब्ल्यू जास्त झाला. मटाराएवढ्या पांढऱ्याला काडीच्या टोकाएवढा पुरतो. एकदा कुंचल्याला लागला की सगळीकडे जातो, म्हणून त्याला वेगळा कुंचला ठेवा.

सगळी पाने सारखीच स्पष्ट केली. झाडाच्या एक-तृतीयांश भागातच पाने दिसू द्या, बाकी नुसते वस्तुमान.

टायटॅनियमचा थंड, अपारदर्शक पांढरा जसाच्या तसा लावला. त्यात चिमूटभर यलो ऑकर मिसळा. कोरा पांढरा फक्त फडक्यावर आणि चाकावरून पडणाऱ्या पाण्यावर.

सावल्यांत काळा घातला. इथल्या सावल्या तपकिरी आणि पारदर्शक आहेत. काळ्याने त्या भोकासारख्या दिसतात.

माणसे मोठी झाली. चित्राच्या उंचीच्या आठव्या भागाच्या वर गेली की चित्र नदीचे राहत नाही, त्यांचे होते.

१६. भिंतीवर छापील प्रत लावायची आहे. फाइल केवढी लागेल?

लंडनचे चित्र मूळ आकारात, 57 × 73 सेंमी, 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) छापायचे तर सुमारे 6,730 × 8,620 पिक्सेल. दीड मीटरवरून पाहायचे असेल तर 150 डीपीआय चालते, म्हणजे प्रत्येक बाजूला त्याच्या निम्मे पिक्सेल. मोबाइलवरून उतरवलेले चित्र ताणून छापू नका. पानांचा लगदा होतो.

छापण्याआधी पांढरे फडके किंवा ढग पाहा. ते पिवळे असतील तर फोटो जुन्या वॉर्निशचा किंवा चुकीच्या दिव्याचा आहे. दुकानदार ‘रंग खुलवतो’ म्हणाला तर नको म्हणा: या चित्रात रंग गाढ केले की तेच आधी बिघडतात. थेट ऊन पडणारी भिंत टाळा. कागदी प्रतीला मंद उजेड पुरे. एलईडी लावलात तर रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय) 90 च्या वरचा घ्या.

१७. आमच्या जुन्या घरात ‘बूशे’ सही असलेले चित्र आहे. खरे असू शकेल का?

शक्यता फार कमी. बूशेच्या नावाने कार्यशाळेतली, विद्यार्थ्यांची, छापचित्रांवरून केलेली आणि एकोणिसाव्या शतकातली सजावटीची चित्रे भरपूर आहेत. तरी पाहणी करा, या क्रमाने.

दहापट भिंग घ्या. रंगाचे नियमित ठिपके दिसले तर ती छपाई आहे. पृष्ठभागावर कॅनव्हासचा पोत आहे पण तो कुंचल्याच्या फटकाऱ्यांशी जुळत नाही, असे असेल तर दाबून उठवलेली तैलछपाई. मग मागची बाजू: चौकटीला स्टेपल मारलेले असतील तर ते ताणणे तरी अलीकडचे. कॅनव्हासवर रंगविक्रेत्याचा शिक्का असेल तर त्याचा फोटो घ्या, काळ ठरवायला तो उपयोगी पडतो.

सहीवर तडे कसे आहेत ते बघा. तडा सहीला कापून जात असेल तर बरे. सहीचा रंग तड्यात उतरला असेल तर सही नंतरची. चित्र एखाद्या माहीत असलेल्या चित्राचे उलटे रूप असेल तर ते बहुधा छापचित्रावरून आले आहे (प्रश्न ९).

याच्या पुढे प्रयोगशाळा. टायटॅनियम पांढरा 1920 च्या सुमाराआधी चित्रकारांच्या हाती नव्हता, कृत्रिम अल्ट्रामरीन 1828 नंतरचा, व्हिरिडियन हिरवा 1859 नंतरचा. मूळ थरात यांपैकी काही सापडले तर बूशेचा प्रश्न मिटला. नंतरच्या डागडुजीत सापडले तर मिटत नाही, म्हणून नमुना कुठून घेतला हे महत्त्वाचे.

१८. चित्र काळपट झाले आहे. बटाटा, पाव किंवा साबणाच्या पाण्याने पुसू का?

नाही. बटाट्याचा स्टार्च तड्यांत राहतो आणि बुरशीला खाऊ मिळतो. पाणी तड्यांतून खालच्या थरात जाते, तो फुगतो, रंगाची पापडी सुटते. झाडांवरच्या पातळ सावल्या सर्वांत आधी जातात. जुन्या अति-सफाईत नेमक्या त्याच गेलेल्या दिसतात. घरी एवढेच करा: रंग सुटलेला नसेल तर मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडा, चित्र बाहेरच्या ओल्या भिंतीवरून काढा, मागे हवा खेळेल इतकी जागा सोडा. उरलेले काम प्रशिक्षित संवर्धकाचे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे.

१९. चित्र फ्रेंच आहे, मग परदेशात मुलाकडे पाठवायला काय हरकत?

हरकत आहे. 1972 च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने चित्र पुरावशेषात मोडते, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. ते इथे रंगवले की पॅरिसमध्ये, याने फरक पडत नाही. शंभर वर्षांपेक्षा नवीन आहे अशी खात्री असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र आधी घ्या. प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर सीमाशुल्क अधिकारी सामान अडवू शकतात.

२०. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असे चित्र वापरले तर हक्काचा प्रश्न येतो का?

बूशे 1770 मध्ये वारला, त्यामुळे चित्रावर कुणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही. अडचण असते ती संग्रहालयाच्या फोटोच्या अटींची. मेट्रोपॉलिटनने 2017 पासून हक्कमुक्त कलाकृतींचे आपले फोटो कुठल्याही वापरासाठी खुले केले आहेत, व्यावसायिक वापरही चालतो. इतर काही संग्रहालये अभ्यासासाठी मोफत देतात आणि विक्रीच्या पुस्तकासाठी परवानगी व शुल्क मागतात. म्हणून घाईचे मुखपृष्ठ असेल तर मेट्रोपॉलिटनच्या 1768 च्या धोबिणी घ्या. ते चित्र जवळजवळ चौकोनी आहे, उभ्या मुखपृष्ठासाठी दोन्ही बाजूंनी कापावे लागेल, हे मांडणी करणाऱ्याला आधीच सांगा.